तालमीतला पूर

पुराची तालीम आमच्या तालुक्यात भर थंडीत झाली. वरून पत्र आलं तेव्हा तहसीलमध्ये सगळेच हसले होते. पूर्णेच्या पात्रात तेव्हा जागोजागी वाळू उघडी पडली होती आणि म्हशी बसतील इतकंच पाणी होतं. पण पावसाळ्याआधी व्हायचं प्रशिक्षण निवडणुकीच्या कामात राहून गेलं होतं आणि वर्ष संपायच्या आत ते उरकायचं होतं. मी तेव्हा तिथं अव्वल कारकून होते. वीसेक वर्षं नोकरी झालेली. प्रशिक्षण म्हणजे बॅनर, चहा, सामोसे आणि हजेरीची सही, एवढीच माझी समजूत होती.

प्रशिक्षक बाहेरून आले होते. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी दोन दिवसांत एकदाच वाजवली. बोलत इतकं हळू की मागच्या रांगेतल्यांना पुढं येऊन बसावं लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी सभागृहात टेबलं जोडून त्यांच्यावर नदीचा नकाशा पसरला आणि सगळ्यांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. कुणी सरपंच झालं, कुणी डॉक्टर, कुणी बोटीवरचा माणूस. तहसीलदार साहेब मात्र तहसीलदारच राहिले. निर्णय त्यांनीच घ्यायचा होता. साहेबांची ही पहिलीच नेमणूक होती, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे.

दर दहा मिनिटांनी सर एक नवी चिठ्ठी टेबलावर सरकवायचे. येलदरी धरणातून पाणी सोडलं आहे. पुलावरून पाणी वाहायला लागलं आहे. एका गावात बाळंतीण अडकली आहे. बोट एकच आहे. आधी सगळे मजेत होते. तासाभरानं कुणी हसेनासं झालं. पाचव्या का सहाव्या चिठ्ठीला साहेबांचं पेन कागदावर थांबलं. सर शांतपणे म्हणाले, "घ्या वेळ. पाणी थांबणार नाही, पण तुम्ही थांबा." साहेबांनी बोट बाळंतिणीकडं पाठवली आणि सरांनी बोट न पोचलेल्या दुसऱ्या गावावर नकाशात एक काळी टाचणी टोचली.  त्या टाचणीकडं मी पुन्हा पुन्हा बघत होते, आणि याचंच मला नवल वाटलं.

संध्याकाळी सरांनी मला बाजूला बोलावलं. "उद्या गावात तालीम आहे. तुम्ही तहसीलच्या टीममध्ये नाही. तुम्ही गावातली एक म्हातारी व्हायचं. कानानं बहिरी, पायानं अधू. घराला बाहेरून कुलूप असेल, मागचं दार उघडं. टीम कुलूप बघून पुढं जाते का, एवढंच मला बघायचंय."

"आणि मी ओरडायचं नाही?"

"म्हातारीला ऐकूच येत नाही, तर ती कशाला ओरडेल?"

मग त्यांनी एक गोष्ट सगळ्यांना सांगितली तशी मलाही सांगितली. कुणाला खरंच काही झालं, चक्कर आली, साप निघाला, तर तीनदा म्हणायचं, "ही तालीम नाही." हे शब्द खेळात दुसऱ्या कशासाठीही वापरायचे नाहीत.

गाव नदीकाठचं, चढावर वसलेलं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. टोळ्या गेल्या की पाठीमागं म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुलपं राहतात. गल्लीत शिरलं की एका बाजूला तीन घरं बंद, मधलं एक उघडं, परत दोन बंद. बंद दारांपुढं वाऱ्यानं पाचोळा साचलेला. मला दिलेलं घर गल्लीच्या शेवटी होतं. घरवाले सांगलीकडं तोडीला गेले होते, किल्ली सरपंचाकडं होती. पत्र्याचं घर, मातीच्या भिंती. शेजारचं घर त्याला लागूनच, मधली भिंत दोघांत एक. ती भिंत वर पत्र्याला टेकलेली नव्हती, हातभर फट होती. शेजारच्या दारालाही कुलूप होतं.

सरांनी माझा मोबाइल काढून घेतला. मी मागच्या दारानं आत गेले आणि रिकाम्या पोत्यावर भिंतीला टेकून बसले. पुढच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत पडली होती. आत राखेचा आणि बंद घराचा वास होता.

साडेअकराच्या सुमारास जीपवरचा भोंगा सुरू झाला. आमच्याच ऑफिसातल्या शिपायाचा आवाज होता, पण भोंग्यातून तो ओळखू येत नव्हता. "येलदरीचे दरवाजे उघडले आहेत. पाणी गावाकडं येत आहे. सर्वांनी ताबडतोब शाळेत जावं." ही तालीम आहे म्हणून तो आदल्या दिवशी आणि त्या सकाळीही सांगून गेला होता. आता मात्र सरांच्या सांगण्यावरून ते वाक्य गाळलं होतं. पायांचा आवाज, बायकांचं हसणं, कुणाच्या तरी बकरीचं ओरडणं, सगळं वर शाळेकडं सरकत गेलं. भोंगा गावाला दोन फेऱ्या घालून थांबला.

मग टीम आली. कोतवाल आणि मंडळ अधिकारी असावेत. दार हललं, कुलूप खडखडलं.

"तोडीला गेल्यात ह्ये लोकं. रिकामं हाय."

"मार फुली."

खडू दारावरून ओढल्याचा आवाज झाला. आपल्या ओळखीच्या माणसांनी आपण नाही असं लिहून टाकलं आणि ती पुढं गेली. त्यांनी शेजारच्याही दारावर फुली मारली. मला हसू यायला हवं होतं, सरांचा डाव बरोबर लागला म्हणून. हसू आलं नाही. रिकाम्या गावाचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. रात्रीच्या गावाला माणसांचा श्वास असतो. भर दुपारी उन्हात गाव रिकामं असलं की पत्रा तापून वाजतो तोही कुणीतरी पाय टाकल्यासारखा वाटतो.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"पानी आलं का?"

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. अगदी जवळून, भिंतीला तोंड लावून बोलावं तसा.

मी दचकले. मग वाटलं, सरांनी दुसराही माणूस बसवलाय आणि मला सांगितलं नाही. आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या अशाच होत्या, एक उघडली की आत दुसरी. आवाज असा घोगरा, असा खरा होता की मी मनात म्हटलं, गावातलाच कुणीतरी भजनातला माणूस पकडलेला दिसतोय, काय काम करतोय.

"माय, हाईस का तिकडं? पानी आलं का?"

मी बहिरी होते, उत्तर द्यायचं नव्हतं. पण तासभर गप्प बसून कंटाळलेही होते, आणि समोरचा इतकं छान करतोय तर आपणही करावं असं वाटलं. मी आवाज म्हातारा केला, माझ्या मावशीसारखा, आणि म्हणाले, "आलं बाबा. उंबऱ्याला लागलंय."

पलीकडं बाज करकरली.

मग सामान ओढल्याचा आवाज. काहीतरी जड, लोखंडी, जमिनीवरून सरकत होतं. थांबत होतं, परत सरकत होतं. मधेच एक कोंबडी फडफडली. त्याची धाप मला फटीतून ऐकू यायला लागली. मी भिंतीला डोकं टेकून ऐकत होते आणि अजूनही मला वाटत होतं की हा माणूस फारच मन लावून करतोय. हे वाक्य मी आज दोनदा खोडून परत लिहिलंय. किती वेळ मी ऐकत बसले? पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. घड्याळ मोबाइलमध्ये होतं.

मग तो रडायला लागला. मोठ्यानं नाही. लहान पोर झोपेत रडतं तसं, आणि मधे मधे एका बाईचं नाव घेऊन, "किल्ली तुज्याकडं हाय ना गं, किल्ली दे" असं म्हणत होता. सराव करणारा माणूस असा स्वतःशीच रडत नाही. मी पोत्यावरून उठले.

मी मागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून त्याच्या दारापुढं गेले. कुलूप चांगलं जाड, नवं होतं. फटीतून आत काही दिसेना. मी हाक मारली, "बाबा, पाणी नाही आलं. खोटं आहे ते. तालीम आहे." आतलं रडणं चालूच होतं. मी गल्लीत इकडं तिकडं पळाले. एकही माणूस नव्हता. एका ओट्यावर तव्यावरची भाकरी तशीच होती, चूल विझलेली. एक कुत्रं उठून माझ्याकडं बघून परत बसलं.

शाळा चढावर होती. मी पोचले तेव्हा साहेब व्हरांड्यात टेबल टाकून बसले होते, समोर नकाशा, भोवती चिठ्ठ्या. गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्यातल्या ज्यांना सरांनी भूमिका दिल्या होत्या त्या जीव तोडून सांगत होत्या, "साहेब, खरंच सांगते, माजं लेकरू राह्यलंय." त्या गलक्यात मीही म्हणाले, "साहेब, खरंच एक म्हातारा कोंडलाय. आत. कुलूप आहे बाहेरून."

साहेब हसले. "मॅडम, तुम्ही तर हरवलेल्यांच्या यादीत आहात. ही नवी चिठ्ठी का?"

"साहेब, खरंच आहे."

"सगळ्यांचंच खरं आहे आज." त्यांनी पेन उचललं. "घर कुठलं? कितव्या गल्लीत?" ते लिहून घ्यायला लागले, वेळ, ठिकाण, रकाना. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर करत होते. माझ्या डोक्यातून सरांचे शब्द निघूनच गेले होते. मी त्यांच्या हातातलं पेन धरलं तेव्हा ते आठवले.

"ही तालीम नाही," मी म्हणाले. "ही तालीम नाही. ही तालीम नाही."

बायकांची रांग मोडली. कोपऱ्यात वहीत नोंदी करत उभे असलेले सर पुढं आले आणि त्यांनी ती शिट्टी वाजवली.

पुढचं सगळं भराभर झालं. रांगेतली एक बाई ओरडलीच, "अगं बया, आमचे मामा." ती त्या म्हाताऱ्याच्या घरासमोर राहणारी होती. त्याचा मुलगा आणि सून नातवाला घेऊन तोडीला गेले होते. म्हाताऱ्याला अधूनमधून भान राहत नसे, दार उघडं दिसलं की तो नदीकडं चालत सुटे. म्हणून ताडकळसच्या बाजारातून कुलूप आणून, किल्ली हिच्याकडं देऊन ते गेले होते. ही दोन वेळ जेवण द्यायची, दुपारी तासभर बाहेर बसवायची. आज तालमीच्या गडबडीत तिला वाटलं, अर्ध्या तासात परत येऊ. आणि आता किल्ली कुठं ठेवली तेच तिला आठवेना.

कुलूप कोतवालानं दगडानं तोडलं. दार उघडलं आणि आम्ही उंबऱ्यातच थांबलो.

म्हातारा भिंतीकडं सरकवलेल्या बाजेवर, बाजेवर ठेवलेल्या ट्रंकेवर, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. डोकं पत्र्याला लागत होतं. एका काखेत कोंबडी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर त्यानं देव, पिठाचा डबा, नातवाचं दप्तर आणि सुनेच्या चपला ओळीनं लावल्या होत्या. जमिनीवर काही म्हणता काही ठेवलं नव्हतं. आख्ख्या गावात त्या दिवशी इतकं नीट कुणी केलं नव्हतं.

तो आमच्याकडं बघत नव्हता. आमच्या पायांकडं बघत होता.

"जपून या," तो म्हणाला. "गुडघ्याला लागलंय. उंबऱ्यापशी खड्डा हाय."

कोतवाल आत पाय टाकायला निघाला तसा म्हातारा इतका घाबरला की कोंबडी सुटली आणि तो ट्रंकेवरून पडता पडता राहिला. "वाहून जाशील, वाहून जाशील." साहेब म्हणाले, "बाबा, पाणी नाहीये, खाली बघा." त्यानं खाली बघितलं आणि पाय आणखी वर ओढून घेतले. समोरच्या बाईनं समजावलं, मी समजावलं. त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी हलत होतं, जमिनीवरचं, त्यालाच दिसणारं.

सर सगळ्यांच्या मागं उभे होते. ते पुढं आले, चपला काढल्या, पँट गुडघ्याच्या वर दुमडली, आणि चौकटीला धरून एक पाय सावकाश आत टाकला. पाण्यात टाकतात तसा, आधी चवडा, मग टाच, मग तोल. कोतवालाला म्हणाले, "माझा हात धरा. ओढ आहे." कोतवाल क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला, मग त्यानंही धोतर खोचलं. साहेबांनी बूट काढले. मीही साडी वर धरून त्यांच्यामागं गेले. आम्ही चौघं त्या कोरड्या खोलीतून हात धरून, पाय ओढत, सावकाश चाललो. कुणी हसलं नाही. शेणानं सारवलेली जमीन थंडगार होती, एवढंच खरं. पण बाजेपर्यंत पोचताना माझ्या पोटऱ्यांना मागून रेटा लागत होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कोतवालानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं. तो त्याच्या गळ्यात हात टाकून लहानासारखा चिकटला. दारातून बाहेर आल्यावर गल्लीत ऊन होतं आणि तो त्या उन्हालाही पाणी समजून पाय वर धरत होता. चढ सुरू झाल्यावर त्यानं पाय सोडले.

मग तो म्हणाला, "आन ती बाई? शेजारची? तिलाबी काढा."

"शेजारी कुणी न्हाई मामा," ती समोरची बाई म्हणाली. "त्ये सगळे सांगलीकडं गेलेत."

"हाय की. म्हातारी हाय. तिनंच सांगितलं मला, पानी उंबऱ्याला लागलंय म्हून."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. समोरच्या बाईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. मी कोतवालाच्या मागं चढ चढत राहिले. 

तालीम तिथंच संपवली. जीपमध्ये परत येताना सर माझ्या शेजारी होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मी काय उत्तर दिलं तेही.  "चूक माझी," ते म्हणाले. "शेजारच्या कुलपाआड कोण आहे, हे मी बघितलं नाही. कुलपाआड बघायला हवं, हे दाखवायलाच तर तुम्हाला तिथं बसवलं होतं." भोंग्यावरून ते वाक्य गाळायला सांगितल्याचंही त्यांनी अहवालात स्वतःहून लिहिलं. साहेबांनी आठवड्याच्या आत सगळ्या तलाठ्यांना कामाला लावलं. कुलपांच्या मागं कोण कोण राहिलंय, त्यांना कोण जेवण देतं, किल्ली कुणाकडं आहे. ती यादी एका पानात बसली नाही. ती टाइप करायचं काम माझ्याकडं होतं आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जायला मला वेळ लागत होता.

पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याची सून ऑफिसात आली. तिला फोन गेला होता, ती तोड सोडून परत आली होती. तिशीची असेल, हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे. माझ्या टेबलापुढं उभीच राहिली.

"लोकं म्हणायलेत, सासऱ्याला कोंडून गेली. मॅडम, दार उघडं राह्यलं की नदीवर जातेत. दोनदा काढून आनलंय. काय करावं माणसानं?"

मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. ती म्हणाली, "आता एक नवंच. रोज भाकरी घेऊन शेजारच्या दाराशी जाऊन बसतेत. म्हणतेत, बाई आत राह्यली. तिनं मला सावध केलं, तिला कुणी काढलं न्हाई. खातच न्हाईत."

मी तिला सांगितलं. ती बाई मीच होते, आणि मला वाटलं होतं तो खेळतोय.

तिनं कप खाली ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग तुमीच येऊन सांगा त्येंला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेले. तो खरंच तिथं बसला होता, फुली मारलेल्या दाराला पाठ लावून, बाजूला फडक्यात भाकरी. मी समोर बसले आणि जे घडलं ते सावकाश सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्याला चांगलं भान होतं.

"तुमी न्हाई," तो म्हणाला. "ती म्हातारी होती."

मी तो आवाज काढून दाखवावा का, असा विचार मनात आला. हिंमत झाली नाही. आणि काढला असता तर तो मला आला असता का, याचीही खात्री नव्हती.

सुनेनं सरपंचाकडून किल्ली आणली. दार उघडलं. तो आत गेला, चूल बघितली, कोपरे बघितले, मागचं दार ढकलून बघितलं. भिंतीशी मी बसले होते ते पोतं तसंच होतं, मधे दबलेलं. तो वाकला आणि त्या दबलेल्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ थांबला.

"गेली," तो म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं सुनेला आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. अंगणात दगडावर बसून त्यानं डोक्यावरून तांब्यामागून तांब्या घेतला, कुणी गेल्यावर घेतात तसा, आणि ओल्या अंगानं नदीच्या दिशेला हात जोडले. मग सुनेला म्हणाला, "वाढ."

तो जेवला. परत त्या दाराशी गेला नाही, असं ती नंतर सांगायची. त्या वर्षी ती तोडीला परत गेली नाही, नवऱ्यानं दुसऱ्या टोळीत एकट्यानं काम धरलं. सरांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या तालमीला मला बोलावलं. मी गेले, पण घरात बसायचं काम घेतलं नाही. तालमीच्या आधी गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक कुलूप वाजवायचं आणि थांबून ऐकायचं, एवढं काम मागून घेतलं.

म्हातारा जेवला त्या दिवशी मी बसनं संध्याकाळच्या आत घरी आले आणि सरळ मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नवरा दारात आला. केस ओले बघून त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हणाले, "नदीकाठच्या गावातली एक बाई."

"तुझ्या ओळखीची?"

"थोडीशी," मी म्हणाले, आणि केस पुसायला लागले.